दप्तरांचं वाण

"दरवर्षी तेच स्टीलचे डबे आणि तीच प्लास्टिकची गाळणी," विनीता म्हणाली. "कोणाला हवेत ते? म्हणून म्हटलं, यंदा दप्तरं. प्रत्येकीनं एक आणायचं आणि सगळी बेघर मुलांना द्यायची. कशी वाटली आयडिया?"

"चांगली आहे," नीलांबरी म्हणाली.

ती पेन्सिलींना टोक काढत होती. विनीताच्या डायनिंग टेबलावर दप्तरांचा ढीग होता, निळी, काळी, करडी. शनिवारी अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू याच घरात होतं, आणि बऱ्याच जणींनी आपापली दप्तरं आधीच आणून टाकली होती. भरायचं काम नीलांबरीकडे आलं होतं. या घरातली बरीचशी कामं हल्ली तिच्याकडे अशीच यायची, कोणी न सांगता.

ती प्रत्येक दप्तर सारखंच भरत होती. आधी वह्या, त्यांच्या पाठीला कॅल्क्युलेटर, मग पेन्सिली. पेन्सिलींची टोकं खाली करून त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, पिशवीतली हवा तळव्यानं दाबून काढायची आणि मग तोंड बंद करायचं. लग्नाआधी नागपूरला अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ती नमुने असेच बंद करायची. तिथून लागलेली ही सवय तेवढी उरली होती. अमेरिकेत तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून होता, त्यामुळे तिला नोकरी करता येत नव्हती.

विनीता दप्तरांवर मंडळाचे स्टिकर लावत होती. हळदीकुंकवाच्या करंड्याचं चित्र आणि खाली मंडळाचं नाव. मध्येच ती थांबली. "अगं नीलू, निधीचं दप्तर बघितलंस का तू? चेनच्या जागी सेफ्टी पिन लावलीय पोरीनं. यातलं एक ठेव ना तिला."

"नको. ती गरजू मुलांसाठी आहेत," नीलांबरी म्हणाली.

"तू पण ना! अगदी सदाशिव पेठी!"

"मी नागपूरची आहे."

विनीता खळखळून हसली. ती मनानं वाईट नव्हती. नीलांबरीला पुढेही कधी तसं वाटलं नाही, आणि तीच खरी अडचण होती.

मागच्या उन्हाळ्यात नीलांबरीच्या नवऱ्याच्या, प्रल्हादच्या, कंपनीनं त्याचा अख्खा विभाग बंद केला. नोकरी गेली की दुसरी शोधायला व्हिसा दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत मिळाली नाही, म्हणून त्यानं पाहुण्याच्या व्हिसासाठी अर्ज केला. त्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत देशात थांबता येतं, काम मात्र करता येत नाही. अपार्टमेंटचा करार संपला तेव्हा मालकांनी नव्या करारासाठी पगाराचा पुरावा मागितला. दुसऱ्या दोन ठिकाणीही तोच मागितला. शेवटी विनीताच्या नवऱ्याचा, राजीवचा, फोन आला. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये तो आणि प्रल्हाद एका खोलीत राहायचे. "यार, गॅरेजवरची खोली रिकामी पडलीय. कबीर कॉलेजला गेल्यापासून घर खायला उठतं. ये इकडे, लाजतोस काय!" आणि दारात विनीता म्हणाली, "आपलंच घर समजा."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. पण घर आपलं समजायचं तर थर्मोस्टॅटला हात लावावा लागतो, फ्रिज न विचारता उघडावा लागतो. नीलांबरीनं यातलं काही केलं नाही. तिनं स्वयंपाक हाती घेतला. सुरुवातीला संकोच कमी व्हावा म्हणून, आणि नंतर तो तिनंच करायचा असं ठरून गेलं म्हणून. त्यांची मुलगी निधी पुढच्या दारानं येणं सोडून गॅरेजमधून यायला लागली. गाडी आत आली की गॅरेजचं दार वर जायचं आणि त्यांच्या खोलीची जमीन थरथरायची. पहिल्या आठवड्यात तिघं दचकायची. मग सवय झाली.

खरा प्रश्न निधीच्या शाळेचा होता. निधी अकरावीत होती. तिच्या शाळेत निवडक मुलांसाठी वर्षभराचा संशोधनाचा वर्ग असायचा, आणि त्यात ती शाळेमागच्या ओढ्याच्या पाण्यातले जंतू वाढवून मोजत होती. आईकडून तिनं घेतलेली ही एकच गोष्ट होती, जंतूंच्या प्लेटवर उगवलेल्या ठिपक्यांकडे तासभर न कंटाळता बघत बसणं. घर बदलल्यावर शाळा अठरा मैलांवर गेली होती. प्रल्हाद रोज तिला सोडायचा आणि आणायचा.

डिसेंबरात शाळेनं जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. ऑफिसातून फोन आला, नवा पत्ता द्या आणि ज्यांच्याकडे राहता त्यांचं लेखी पत्र द्या. प्रल्हाद सरळ माणूस. त्यानं खरा पत्ता दिला. पत्राचा मजकूर त्यानंच राजीवला सांगितला, 'हे कुटुंब माझ्या घरी कायमस्वरूपी राहते.'

"कायमस्वरूपी कशाला?" नीलांबरीनं तेव्हा विचारलं होतं.

"तात्पुरतं लिहिलं तर उपऱ्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "कायमचा पत्ता असला की माणसाला वजन येतं. कुठल्याही ऑफिसात बघ."

आयुष्यभर प्रत्येक कागदावर 'कायमचा पत्ता' लिहीत आलेल्या माणसाला दुसरं काही सुचणार नव्हतं. शाळेनं तो शब्द होता तसा घेतला. तुमचं कायमचं घर दुसऱ्या शाळेच्या हद्दीत आहे, तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून मुलीनं त्या शाळेत जावं. त्या शाळेत संशोधनाचा वर्ग नव्हता. निधीनं फोन करून विचारलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या की त्या तासाला ती ग्रंथालयात बसू शकेल.

*

शनिवारी घर भरून गेलं. काळ्या साड्या, तिळगूळ, हलव्याचे दागिने घातलेलं कोणाचं तरी बाळ. शाळा खात्यातली बेघर विद्यार्थ्यांचं काम बघणारी बाई दप्तरं न्यायला येणार होती. ती आली आणि सगळ्याजणी खूश झाल्या, कारण ती निघाली आपल्यातलीच. इला तिचं नाव. तिशीची, अमेरिकेतच पिस्कॅटवेत जन्मलेली, केस आखूड कापलेले. मराठी बोलायची, पण प्रत्येक शब्द आधी जिभेवर तोलून बघितल्यासारखी.

"दोन मिनिटं बोल ना," विनीता तिला म्हणाली. "मराठीतच बोल, चुकलीस तरी चालेल. तुझ्या कामाबद्दल सांग."

नीलांबरी कॉफीचा ट्रे घेऊन फिरत होती.

"थँक यू फॉर द बॅग्ज," इला म्हणाली. "होमलेस म्हटलं की लोकांना वाटतं, रस्त्यावर, टेंटमध्ये. पण आमची बहुतेक मुलं तिथे नसतात. ती कोणाच्या तरी घरी असतात. कोणाच्या बेसमेंटमध्ये, कोणाच्या सोफ्यावर. घर गेलं, दुसरं परवडत नाही, म्हणून दुसऱ्या फॅमिलीबरोबर राहतात. कायद्यात ती पण होमलेस."

"अगंबाई!" कोणीतरी म्हणालं. "मग माझी सासू सहा महिने आमच्याकडे असते, तिला पण एक दप्तर द्या!"

सगळ्या हसल्या. इलाही हसली.

"नाही, त्यांचं घर आहे ना तिकडे. त्या आवडीनं येतात."

"कोणाच्या आवडीनं ते विचार!"

पुन्हा हशा. तो ओसरेपर्यंत इला थांबली. "रीझन महत्त्वाचं असतं. जायला दुसरी जागा आहे का? ती जागा का गेली? उद्या निघा म्हटलं तर त्यांना थांबायचा काही हक्क आहे का? अशी मुलं असली तर त्यांना जुन्या शाळेत राहता येतं. आम्ही नेण्या-आणण्याची सोय करतो. कारण घर गेलं की शाळा तरी तीच राहावी."

नीलांबरी भिंतीशी उभी होती. जंतू ओळखायची एक रीत असते. एक प्रश्न, हो किंवा नाही. उत्तरावरून पुढचा प्रश्न, पुन्हा हो किंवा नाही. शेवटी पानाच्या तळाशी नाव येतं, आणि ते जंतूला आवडतं की नाही हे कोणी विचारत नाही. तिनं मनातल्या मनात उत्तरं दिली. तीन प्रश्नांत नाव आलं.

"आपल्या लोकांत नाही बाई असं कोणी," विनीता म्हणाली. "आपण एकमेकांना सांभाळून घेतो."

जिन्याच्या वरच्या पायरीवर निधी बसली होती. ती आईकडे बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर नीलांबरी दप्तरं उचलायला इलाबरोबर गाडीपर्यंत गेली. डिकी भरली, मग मागची सीट भरली. थंडीनं दोघींच्या तोंडातून वाफ येत होती.

"मला एक कुटुंब माहीत आहे," नीलांबरी म्हणाली. "त्यांच्या मुलीला शाळा बदलायला सांगितलंय. पण त्यांनी लिहून दिलंय की ते कायमचे राहतात."

इलानं लगेच वर बघितलं नाही. दप्तरं नीट लावत राहिली. "लिहिलेलं बदलता येतं, काकू. त्यांनी मला खरं काय ते सांगायचं, मी पुढचं बघते. आणि सगळं प्रायव्हेट असतं."

"त्यांचा व्हिसा..."

"शाळा व्हिसा विचारत नाही. मी पण नाही."

"आणि ज्यांच्या घरी राहतात, त्यांना कळवता?"

"मी नाही कळवत," इला म्हणाली. मग तिनं डिकी बंद केली. "पण सकाळी व्हॅन येते, काकू. व्हॅन दिसते."

घरातून विनीताच्या हसण्याचा आवाज आला. नीलांबरीनं अंगणाच्या टोकाला असलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"तिचं नाव निधी," ती म्हणाली.

*

"बेघर? आपण?" प्रल्हाद पलंगाच्या कडेला बसला होता. "राजीवला काय वाटेल? त्यानं दार उघडलं आपल्याला, आणि आपण सरकारला सांगायचं की आम्हाला घर नाही?"

"आहे का?" नीलांबरीनं विचारलं.

"हे काय आहे मग?"

"हे राजीवचं घर आहे."

"नोकरी लागेल मला. मार्चमध्ये दोन ठिकाणी बघतायत."

"लागेल. पण शाळा फेब्रुवारीत जातेय."

निधी जमिनीवर बसून कानातले इअरफोन काढत होती. "बाबा, कॅन आय से समथिंग?"

"तू नको मध्ये पडू."

"इट्स माय स्कूल," निधी म्हणाली. "तुम्ही दोघं गेस्ट आहात. गेस्टला काही नाही करावं लागत. मला लायब्ररीत बसावं लागणार."

खाली गॅरेजचं दार वर गेलं, जमीन थरथरली, राजीवची गाडी आत आली. मग प्रल्हाद उठला आणि उगाचच खिडकीचा पडदा नीट केला.

"वहिनींना तू सांगशील," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होणार."

*

इलानं काम भराभर केलं. निधी आपल्याच शाळेत राहील, दुपारचं जेवण शाळेत फुकट, सोमवारपासून व्हॅन. फक्त विनीताच्या वसाहतीच्या फाटकाला कोड होता, तो चालकाला हवा होता, आणि तो घरमालकाला विचारल्याशिवाय द्यायचा नाही असा वसाहतीचा नियम होता.

नीलांबरीनं दुपारची वेळ निवडली. पोळ्या झाल्या होत्या. विनीता घरूनच काम करायची, ती जेवायला खाली आली.

"विनीता, एक सांगायचं होतं. निधीची शाळा राहिली."

"अरे वा! मी म्हटलंच होतं. कसं काय जमवलंस?"

नीलांबरीनं सांगितलं. तिनं एकही शब्द मऊ केला नाही, कारण 'कायमस्वरूपी'सारख्या मऊ शब्दानं पुढे काय गोंधळ होतो हे तिनं एकदा पाहिलं होतं.

विनीताच्या हातातला घास हातातच राहिला.

"होमलेस," ती म्हणाली. "माझ्या घरात राहून."

"तो कायद्यातला शब्द आहे."

"शब्द कुठलाही असू दे गं! माझ्या पत्त्यावर लिहिला ना? मग मी काय धर्मशाळा चालवते? तुला काय कमी केलं मी? सांग ना. खोली दिली, बाथरूम दिलं. तुम्हाला कधी परकं मानलं?"

"नाही. तुझ्या घरात काही कमी नाही."

"मग?"

"कमी आमच्याकडे आहे."

"ही फिलॉसॉफी मला नको सांगू!" विनीता उठली. "परवा सगळ्यांसमोर मी म्हटलं, आपल्यात असं कोणी नाही. आणि ती पोरगी आता जाऊन काय म्हणत असेल? की जिनं दप्तरं वाटली तिच्याच गॅरेजवर... मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"ती कोणाला सांगत नाही."

"व्हॅन सांगेल ना! रोज सकाळी फाटकात येऊन उभी राहील. शेजारचे विचारतील, कोणासाठी येते? तुम्हाला गाडी होती की सोडायला."

"प्रल्हादच्या गाडीचं लीज या महिन्यात संपतंय."

"मग मला सांगायचं! मी सोडलं असतं."

नीलांबरी तिच्याकडे बघत राहिली. अठरा मैल जायचे, अठरा यायचे, सकाळी आणि दुपारी. विनीतानंही तेच मनात मोजलं असावं. तिनं नजर वळवली.

"आणि इथली शाळा काय वाईट आहे? माझा कबीर शिकला तिथे. त्याचं काही अडलं नाही."

"निधीचा वर्ग तिथे नाही."

"एका वर्गासाठी!" विनीताचा आवाज अचानक खाली आला, आणि तो खाली आल्यावर नीलांबरीला पहिल्यांदा भीती वाटली. "नीलू, हे बघ. मी रागावले नाही. तू आत्ता तिला फोन कर. सांग की गैरसमज झाला. तुम्ही आमची घरची माणसं आहात, इथे राहताय, मजेत आहात. एवढंच सांग. बाकी आपण बघू."

काउंटरवर नीलांबरीचा फोन पडला होता. विनीतानं तो उचलला आणि तिच्यापुढे धरला.

नीलांबरीला ते सोपं होतं. तिच्या आईनं, तिच्या आजीनं तो फोन घेतला असता. ज्याच्या घरचं खायचं त्याच्या अब्रूला जपायचं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि खोली राहिली असती, पोळ्या राहिल्या असत्या, मार्च येईपर्यंत छप्पर राहिलं असतं. जाणार होती ती फक्त निधीची शाळा, आणि निधी सतरा वर्षांची होती. मुलं सावरतात, असं सगळे म्हणतात.

तिनं फोन घेतला आणि ओढणीनं पुसून परत काउंटरवर ठेवला.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

संध्याकाळी राजीव प्रल्हादला घेऊन अंगणात गेला. काचेतून दोघांचे हात हलताना दिसत होते. प्रल्हाद वर आला आणि बूट न काढता पलंगावर बसला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, यार, मला काही नाही रे, पण वसाहतीचा नियम आहे. एका घरात एकच कुटुंब. आजवर पाहुणे म्हणून चाललं. आता सरकारी रेकॉर्डवर आलं तर नोटीस येईल." थोड्या वेळानं तो म्हणाला, "हॉस्टेलमध्ये असताना परीक्षेच्या हॉलमध्ये हा पकडला जाऊ नये म्हणून मी याची कॉपीची चिठ्ठी गिळली होती."

निधी हसली. मग तिला कळलं की तो विनोद नव्हता.

*

पुढचे दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. विनीता अधिकच गोड वागायला लागली. स्वयंपाकघरात ती आधी येऊन भाजी टाकायची आणि म्हणायची, "तू बस गं, किती करशील." फाटकाचा कोड तिनं दिला. व्हॅन आली. पहिल्याच दिवशी विनीता पडद्याआड उभी होती, हे नीलांबरीनं काचेतल्या प्रतिबिंबात पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "प्रीता येतेय हर्नडनहून. राजीवची बहीण. मुलांना घेऊन येतेय, जरा जास्तच राहील म्हणते. गॅरेजवरचीच खोली द्यावी लागेल. तुम्हाला घाई नाही हां. शनिवारपर्यंत झालं तरी चालेल."

शनिवारी प्रल्हादनं सामान खाली आणलं. विनीता दारात तबक घेऊन उभी होती. सवाष्ण घरातून जाते तर रिकाम्या कपाळानं कशी पाठवायची. तिनं नीलांबरीला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला, निधीच्या हातात तिळगुळाचा डबा दिला.

"येत जा," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरले होते. "आपलंच घर आहे."

नीलांबरी वाकली आणि नमस्कार करून निघाली. नमस्कार चुकला असता तर विनीताला मंडळात सांगायला काहीतरी मिळालं असतं.

*

हायवेलगतच्या मोटेलमध्ये आठवड्यानं खोली मिळायची. दोन पलंग, एक छोटा फ्रिज, भिंतीपलीकडे रात्रंदिवस चालणारं बर्फाचं यंत्र. स्वयंपाकाला मनाई होती. नीलांबरी बाथरूमच्या काउंटरवर इलेक्ट्रिक कुकर लावायची आणि वाफ जावी म्हणून पंखा चालू ठेवायची. फ्रिज मात्र ती न विचारता उघडायची.

इला बुधवारी आली. व्हॅनचा नवा पत्ता तिनं आधीच लावून दिला होता.

"आता काही प्रश्न येणार नाही," ती म्हणाली. "कोणाच्या घरी असलं की ऑफिसमध्ये विचारतात, नक्की टेम्पररी का, नातेवाईक आहेत का. मोटेल म्हटलं की कोणी काही विचारत नाही." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. "सॉरी, काकू."

"असू दे. बरोबर आहे," नीलांबरी म्हणाली. "पुरावा भक्कम झाला."

प्रल्हाद खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं मान वळवली नाही.

"मी थोडं सामान आणलंय. सगळ्या मुलांना देतो आम्ही," इला म्हणाली आणि दाराबाहेर ठेवलेलं दप्तर आत घेतलं. करडं होतं. स्टिकरवर हळदीकुंकवाचा करंडा. इलाचा अंगठा त्यावर आला होता, पण स्टिकर अंगठ्यापेक्षा मोठं होतं. "माझ्याकडे दुसरी नव्हती. आय लुक्ड. सगळी तीच आहेत."

निधीनं दप्तर घेतलं, चेन दोनदा पुढे-मागे केली. "गुड झिपर," ती म्हणाली. तिनं पलंगावर सगळं काढलं. वह्या आल्या. त्यांच्या पाठीला कॅल्क्युलेटर आला. मग पेन्सिलींची पिशवी, टोकं खाली केलेली, हवा दाबून काढल्यामुळे प्लास्टिक पेन्सिलींना घट्ट चिकटलेलं.

निधीनं ती उचलून दिव्यासमोर धरली, मग आईकडे पाहिलं. आईनं नुसती मान हलवली.

"हे पण सांगून टाकते," इला म्हणाली. "मंडळातून ईमेल आली होती. दप्तरं घेतलेल्या मुलांचे फोटो हवे होते, त्यांच्या अंकासाठी. चेहरे नसले तरी चालेल म्हणाल्या. मी नाही म्हणून कळवलंय."

पलीकडे यंत्रातून बर्फ धडाधड पडला. निधीनं जुन्या दप्तराची सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली, आपली पुस्तकं नव्यात भरली, ते पाठीवर चढवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. निव्वळ मराठी ती क्वचित बोलायची, आणि बोलली की विनीता मावशीसारखा ठसका यायचा.

"काढा ना फोटो, मागून काढा," ती म्हणाली. "स्टिकर येतंय का नीट?"

कोणी हसलं नाही. नीलांबरी उठली, तिनं निधीच्या पाठीवरचा पट्टा सरळ केला, मग नखानं स्टिकरचा कोपरा उचलायला लागली. कागद निघाला. खालचा डिंक राहिला, आणि बोटानं घासत गेली तसा तो काळा होत गेला.

"सोड, आई," निधी म्हणाली. "नाही निघत. आणि सकाळी माझ्या प्लेट्स मोजायच्यात, व्हॅन लवकर येणार आहे."